धुऱ्यावरचं मोहाचं झाड तोडायला परवानगी लागते का?

प्रश्न: आमच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आजोबांच्या काळचं मोहाचं झाड हाय, सावलीनं खालच्या बांधीत धान भरतच नाही. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणे शेत तुमचं, झाड तुमचं, तोडा. लाकूडवाला म्हणते कागदपत्राचं मी पाहून घेतो. खरंच परवानगी लागत नाही का? आणि नुसत्या फांद्या छाटल्या तर?
– एक वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर: लागते भाऊ, मोहाला तर नक्कीच लागते. झाड तुमचंच, त्यात वाद नाही, पण झाडं तोडण्यावर 1964 चा राज्याचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत मोह, चिंच, आंबा, जांभूळ, साग, बिजा, ऐन, हळदू ही झाडं येतात, ती स्वतःच्या शेतातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी पाहिजेच. ग्रामपंचायतीच्या होकारानं ते काम भागत नाही. आणि लाकूडवाल्यावर तर बिलकुल सोडू नका, सातबारा तुमच्या नावचा आहे, केस झाली तर पहिले तुम्हालाच बोलावतील, तो गाडी भरून निघून गेलेला असेल. तुम्ही आदिवासी खातेदार असाल तर झाड परस्पर विकताच येत नाही, त्यासाठी 1969 चा वेगळा कायदा आहे, तो तुमची लूट होऊ नये म्हणूनच केलेला आहे.

तुमचं गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर मात्र 1975 चा शहरी कायदा लागतो, अर्ज तिथेच द्यायचा. तिथे 2021 च्या दुरुस्तीपासून 50 वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज म्हणजे वारसा झाड धरतात, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात.

आता फांद्यांचं. माझं मत विचाराल तर झाड ठेवा, बांधीकडच्या खालच्या फांद्याच तेवढ्या कमी करा, धानाला ऊन मिळेल आणि मोहफुलं, टोळीही (मोहाची फळं-बी) घरात येत राहील, एवढा जुना मोह पुन्हा लावून तुमच्या हयातीत तयार होणार नाही. पण जाड फांद्यांना हात लावायच्या आधी वनविभागाच्या रेंज ऑफिसात विचारून घ्या, फुलं मार्च-एप्रिलात येतात तर त्याच्या तोंडावर छाटू नका. वरून विजेची तार जात असेल तर स्वतः चढू नका, लाइनमनला सांगून लाइन बंद करूनच काम करा.

अर्ज द्यायला जाताना सातबारा, शेताचा नकाशा आणि झाडाचा फोटो सोबत न्या, झाड नेमकं तुमच्याच हद्दीत आहे की शेजाऱ्याच्या हे आधी पाहून घ्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.