टोफू ओव्हनमध्ये कुरकुरीत का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की पनीर टिक्क्याला लावतो तसं दही-मसाला लावून टोफू तासभर मुरवला, ओटीजीत १८० अंशांवर अर्धा तास ठेवला, तरी वरून ओलसर आणि आतून चिवट. ओटीजी बदलायचा विचार सध्या बाजूला ठेवा. घोळ त्या दह्यात आहे.

पनीरचे लाड टोफूला चालत नाहीत. पनीरमध्ये भरपूर स्निग्धांश असतो, त्यामुळे ते दह्यासकट भाजलं तरी खमंग लागतं. टोफूत स्निग्धांश त्याच्या निम्म्याहून कमी, आणि वजनाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग नुसतं पाणी. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. खरपूस रंग यायला ते १४० च्या पुढे जावं लागतं. तुमचा अर्धा तास दह्याचं पाणी आटवण्यातच गेला.

आधी टोफू कोणता ते बघा. पाकिटावर ‘फर्म’ किंवा ‘एक्स्ट्रा फर्म’ हवं. सिल्कन टोफू या कामाचा नाहीच, तो सूपमध्ये घाला. काही लिहिलेलं नसेल तर पाकिटावरूनच बोटाने दाबून बघा, सहज दबला तर राहू द्या.

मग पाणी काढायचं. बहुतेक जण फडक्यात गुंडाळून वर पोळपाट आणि पोळपाटावर पाण्याचं पातेलं ठेवतात. अर्ध्या तासात बरंच पाणी निघतं, फक्त वजन अति झालं तर वडी कडेने फाटते. मला मात्र दुसरी पद्धत जास्त आवडते, आणि ऐकायला ती उलटीच वाटते: टोफू गरम पाण्यात टाकायचा. लिटरभर पाणी उकळून त्यात दोन चमचे मीठ घाला, गॅस बंद करा, तुकडे दहा-पंधरा मिनिटं त्यात राहू द्या. मग सुती पंचावर एकेक सुटा पसरा. तुकडे वाफाळत असतात आणि त्या वाफेबरोबर वरचा ओलावा उडून जातो. पाच मिनिटांनी बोट लावून बघा, कोरडं लागतं. शिवाय मीठ आतवर पोचतं, ते मुरवण्याने होत नाही.

तुकडे सुरीने चौकोनी कापण्याऐवजी हाताने तोडा. दिसायला ओबडधोबड दिसतात, पण त्या खरबरीत कडाच आधी कुरकुरीत होतात. पाहुण्यांपुढे ठेवायचे असतील तर कापा बापडे.

२०० ग्रॅम टोफूला एक मोठा चमचा तेल, एक छोटा चमचा सोया सॉस, थोडी मिरपूड लावून घ्या आणि वरून दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरवून हलक्या हाताने उलटसुलट करा. (अमेरिकेतल्या मंडळींनी कॉर्न स्टार्च घ्यायचा, पिवळं मक्याचं पीठ नव्हे.) कुठेही पांढरी पूड दिसता कामा नये, जिथे ती राहते तिथे भाजल्यावर खडूसारखं लागतं. कॉर्नफ्लोअर निम्मं करून बाकीचं तांदळाचं पीठ घेतलंत तर कवच थोडं कडक होतं आणि जास्त वेळ टिकतं. बेसन नको, ओव्हनमध्ये ते कच्चट राहतं. तेल वाचवायलाही जाऊ नका. बिनतेलाचा भाजलेला टोफू म्हणजे निव्वळ वाळवण.

ओटीजी २०० ते २१० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल सुरू, पंखा असेल तर तोही. ट्रे आतच तापू द्या. बटर पेपरवर तुकडे एकमेकांना न चिकटता मांडा, गर्दी केलीत की ते भाजण्याऐवजी वाफवले जातात. पंधरा मिनिटांनी उलटा, मग आणखी दहा-पंधरा. कडा बदामी दिसल्या की झालं. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडवरच करा. एअर फ्रायरला १२ ते १५ मिनिटं पुरतात.

चव यानंतर. सोया सॉस, लसूण आणि गूळ कढईत आटवून घ्या आणि खायला बसताना त्यात तुकडे टाका. आधी लावलात तर गूळ जळतो. आमच्याकडे सॉसपेक्षा कांदा-लसूण मसाला आणि लिंबू जास्त चालतं, कोरडा मसाला असल्याने कवच मऊ पडत नाही.

टोफू फ्रीझरमध्ये ठेवून करण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. गोठल्यावर बर्फाच्या स्फटिकांनी आत बारीक छिद्रं पडतात, मग वितळल्यावर तो हाताने पिळता येतो. गोठलेली वडी पिवळट दिसते, खराब झाली म्हणून टाकू नका, वितळली की रंग परत येतो. पण असा टोफू चघळायला लागतो, कुरकुरीत कमी होतो. रश्शात मात्र फर्मास, मसाला आतपर्यंत शोषतो.

राहिला मुलाचा डबा. झाकण लागलं की आतल्या वाफेने तासाभरात कवच मऊ पडणार, त्याला इलाज नाही. डब्याला टोफूची भुर्जी द्या आणि कुरकुरीत प्रकार संध्याकाळी, ओव्हनमधून थेट ताटलीत.