फ्रेंच प्रश्नात ल, ला, ले नेमकं कुठे बसतं?

तुमची अडचण अशी दिसतेय की ल, ला, ले (le, la, les, म्हणजे कर्माच्या जागी येणारी 'त्याला, तिला, त्यांना' किंवा 'तो, ती, त्या' ही सर्वनामं) पाठ आहेत, गाळलेल्या जागा भरता येतात पण समोरच्याला काही विचारायचं म्हटलं की ते कुठे घालायचं सुचत नाही. मराठी माणसाचं हे हमखास होतं कारण आपण बोलताना कर्म सरळ खाऊन टाकतो. 'किल्ल्या घेतल्यास का?' 'हो, घेतल्या.' यात 'त्या' कोण म्हणतं? फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा ते म्हणावंच लागतं.

आधी घराघरांत चालणारी पद्धत पकडा, वस्तूचं नाव सुरुवातीला आणि मग प्रश्न. 'ते क्ले, त्यू ले झा?' म्हणजे किल्ल्या आहेत ना तुझ्याकडे? ले क्रियापदाच्या आधी चिकटलं, शेवटी आवाज वर नेला, झाला प्रश्न. प्रश्नाच्या सुरुवातीला एस् क (est-ce que, आपल्या 'का'सारखं) लावलं तरी जागा तीच, 'एस् क त्यू ल कोने?', तू त्याला ओळखतोस का, आणि कर्ता-क्रियापद उलटं केलं तरी ल क्रियापदाच्या आधीच, 'ल कोने-त्यू?', पण फ्रान्समध्ये मित्रांत असं फारसं कोणी बोलत नाही त्यामुळे ते सध्या सोडून द्या. पूव्हवार (pouvoir, शकणे) असेल तर मात्र सर्वनाम दुसऱ्या क्रियापदाच्या आधी चिकटवा, 'वू पूव्हे मेदे?', मला मदत कराल का.

भूतकाळाला लोक उगाच घाबरतात, खरं तर तिथे मराठीवाल्यांची मजा आहे! आपण पुस्तक ठेवलंस, किल्ली ठेवलीस म्हणतो ना, क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं की तेच होतं. 'तों लीव्र, त्यू ला मी ऊ?' पण 'ता क्ले, त्यू ला मीझ ऊ?', म्हणजे पुस्तक कुठे ठेवलंस, किल्ली कुठे ठेवलीस (दोन्हीकडचं 'ला' म्हणजे सर्वनाम आणि 'आ' जोडून झालेलं l'as). तो शेवटचा झ म्हणजे आपला 'ली'. बोलताना बरेच फ्रेंच लोकसुद्धा हा झ खातात, पण डेल्फच्या (DELF, फ्रेंचची परीक्षा) लेखी पेपरात तसं करू नका.

आता खरी फसगत, आपला 'ला' प्रत्यय. त्याला बोलावलंस का, त्याला फोन केलास का, दोन्हीकडे 'त्याला', म्हणून आपण दोन्हीकडे ल ठोकतो. क्रियापद 'आपले' (appeler, बोलावणे) असेल तर बरोबर, 'त्यू ला आपले?', पण तेलेफोने (téléphoner, फोन करणे) आलं की ल्वी (lui), 'त्यू ल्वी आ तेलेफोने?'. उलट आताँद्रचं (attendre, वाट बघणे), आपण 'त्याची' वाट बघतो, फ्रेंच माणूस सरळ 'त्यू लाताँ?' विचारतो. म्हणून क्रियापद पाठ करतानाच त्याच्यानंतर आ (à) लागतो का तेही बघून ठेवा, मराठी प्रत्ययावर विसंबू नका, मी तर म्हणेन सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवा.

आणि बेकरीत मोठा पाव घेतलात की 'ज वू ल त्राँश?' कानावर येईल, कापून देऊ का. तिथे ल, कारण तो समोरचा पाव. जेवताना अजून थोडा पाव हवाय का विचारायचं तर ल नाही चालत, आँ (en, 'त्यातला थोडा') लागतं, 'त्यू आँ व्ह?'