रीडर बोलतो, संगणकाला कळत नाही: वाचकांचे प्रश्न

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या व्यायामशाळेत हजेरीसाठी आरडीएम-६३०० हे १२५ किलोहर्ट्झचं, आरएफआयडी कार्ड (रेडिओ लहरींनी वाचलं जाणारं) वाचणारं मॉड्यूल संगणकाच्या नऊ पिनी कॉम पोर्टला थेट जोडलं. बॉड रेट (दर सेकंदाला किती बिट) ९६०० आहे, तरी पडद्यावर कचराच येतो.

बॉड रेट बरोबर आहे, घोळ व्होल्टेजचा आहे. मॉड्यूल टीटीएल पातळीवर (० ते ५ व्होल्ट) बोलतं, कॉम पोर्ट आरएस-२३२ वर (धन आणि उणे व्होल्ट), आणि दोघांचे बिट एकमेकांच्या उलटे. मल्टिमीटर मॉड्यूलच्या टीएक्स (पाठवणारी पिन) आणि ग्राउंडवर ठेवा, कार्ड दूर ठेवा: धन ३ ते ५ व्होल्ट दिसले तर टीटीएल, उणे ५ ते १२ दिसले तर आरएस-२३२. मध्ये मॅक्स-२३२ ही पातळी बदलणारी चिप घालता येईल, पण सीएच-३४० ची यूएसबी-टीटीएल पट्टी घेतलेली बरी. मॉड्यूलची टीएक्स पट्टीच्या आरएक्सला (घेणारी पिन), ग्राउंड ग्राउंडला. पोर्टची टीएक्स मॉड्यूलला लावलेली असेल तर आधी काढा, मॉड्यूल जळेल.

नंबर कधी पूर्ण येतो, कधी अर्धा. पूर्ण आला तरी कार्डावर छापलेल्याशी जुळत नाही.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिरियल तारेवर फक्त बाइट येत राहतात; संदेश कुठे सुरू झाला, कुठे संपला हे प्रोग्रामनेच ओळखायचं. ९६०० बॉडला एक बाइट साधारण एक मिलिसेकंद घेतो आणि हे मॉड्यूल १४ बाइट पाठवतं. प्रोग्राममधली रीड ही वाचण्याची आज्ञा मध्येच परतली की हाती अर्धा नंबर. रीडलाइन (ओळ संपेपर्यंत वाचणारी आज्ञा) हीही वापरू नका, कारण शेवटी नवी ओळ येत नाही, ०३ येतो; सुरुवातीची खूण ०२. म्हणून ०२ दिसेपर्यंत आलेलं टाकून द्या, पुढची १२ अक्षरं साठवा, त्यानंतर ०३ नसेल तर सगळं फेकून पुन्हा ०२ शोधा.

समजा, ती १२ अक्षरं ०ए००३बी५सी२१४सी अशी आली. पहिल्या दहांच्या हेक्स जोड्या करा: ०ए, ००, ३बी, ५सी, २१. पाचांचा एक्सऑर (बिट वेगळे असतील तिथे १, सारखे तिथे ०) ४सी येतो, आणि शेवटची दोन अक्षरंही ४सी. म्हणजे नंबर शाबूत पोचला. कार्डावर पहिली जोडी छापत नाहीत. उरलेल्या चार, ००३बी५सी२१, दशमानात ३८९०२०९ होतात. कार्डावर तेच ०००३८९०२०९ असं दिसेल. शेजारचं ०५९,२३५८५ म्हणजे ३बी आणि ५सी२१ वेगवेगळे मांडलेले.

कार्ड समोर धरून ठेवलं की तोच नंबर पुन्हा पुन्हा येतो. दोनेक सेकंदांतला दुसरा सोडून द्या, नाहीतर एकाच पैलवानाची पाच वेळा हजेरी लागेल.

वडोदऱ्याच्याच मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत गेटवर यूएचएफ रीडर (लांबून टॅग वाचणारा) आहे, आरएस-२३२ ची केबल ६० मीटर. मोटर सुरू झाली की उत्तर येत नाही.

आरएस-२३२ ला साधारण १५ मीटर धरा. ६० म्हणजे नशिबावर हवाला. रीडरला आरएस-४८५ (लांब तारांसाठीची जोडणी) असेल तर पीळ दिलेली शिल्डेड जोडी टाका, फक्त दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावा. उत्तरच आलं नाही तर जोडीतल्या ए आणि बी या दोन तारा अदलून बघा. कंपन्यांची नावं उलटसुलट असतात.

प्रोग्राममध्ये आज्ञा पाठवून थांबा. उत्तराचा पत्ता, लांबी आणि सीआरसी (चूक ओळखायचा तपासणी-आकडा) तपासा. वेळेत काही आलं नाही तर आलेला बफर रिकामा करून फार तर तीनदा पुन्हा विचारा. टॅग वाचण्याची आज्ञा दोनदा गेली तर बिघडत नाही. टॅगवर लिहिण्याची मात्र आंधळेपणाने परत पाठवू नका: आज्ञा पोचून फक्त उत्तर हरवलं असेल, म्हणून आधी टॅग वाचून बघा.