विस्कॉन्सिनचा ॲक्ट १० : तुटीचा प्रश्न की संघटनांचा?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने २०११ मध्ये केलेला ‘ॲक्ट १०’ हा कायदा खरोखर अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्यासाठी होता की सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटना मोडण्यासाठी, आणि एवढे मोठे आंदोलन होऊनही तो टिकला कसा. माझे मत आधीच सांगतो. पैशांची अडचण खरी होती. परंतु या कायद्यातील ज्या कलमांनी संघटनांची सर्वाधिक हानी केली, त्या कलमांमधून राज्याच्या तिजोरीत एक डॉलरही जमा होणार नव्हता.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. खाजगी क्षेत्रातील कामगारांना सामूहिक वाटाघाटींचा, म्हणजे संघटनेमार्फत पगार व कामाच्या अटींविषयी करार करण्याचा, हक्क देणारा १९३५ चा अमेरिकी कायदा सरकारी कर्मचाऱ्यांना लागू नव्हता, आणि कामगारांचे कैवारी मानले गेलेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही १९३७ मधील एका पत्रात, सामूहिक वाटाघाटींची नेहमीची पद्धत सरकारी सेवेत जशीच्या तशी आणता येणार नाही, असे म्हटले होते. त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक राज्याच्या मर्जीवर राहिला. नगरपालिका कर्मचाऱ्यांना असा हक्क देणारा कायदा करणारे पहिले राज्य विस्कॉन्सिन होते, ते साल १९५९. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ज्या देशव्यापी संघटनेचे नाव आज अमेरिकेत सर्वतोमुखी आहे, त्या एएफएससीएमईची सुरुवातही १९३० च्या दशकात याच राज्याच्या राजधानीत, मॅडिसनमध्ये झाली. हा हक्क जिथे जन्मला तिथेच तो काढून घेतला जात होता, म्हणून लोक इतके चवताळून उठले.

जानेवारी २०११ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे स्कॉट वॉकर गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले कार्यकारी प्रमुख, झाले आणि फेब्रुवारीत त्यांनी विधेयक जाहीर केले. चालू वर्षाची तूट सुमारे १३.७ कोटी डॉलर, तर पुढील दोन वर्षांची सुमारे ३.६ अब्ज डॉलर असल्याचे सांगण्यात आले. त्यावर उपाय म्हणून कर्मचाऱ्यांनी निवृत्तिवेतनासाठी पगाराच्या सुमारे ५.८ टक्के आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यापैकी १२.६ टक्के रक्कम स्वतः भरावी, असे विधेयकात होते. वर्षाला ५० हजार डॉलर मिळवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात यातील केवळ निवृत्तिवेतनापोटीच २,९०० डॉलर कमी पडणार होते. हा भार लहान नव्हता. तरीही प्रमुख संघटनांच्या नेत्यांनी काही दिवसांतच जाहीर केले की, या दोन्ही आर्थिक अटी आम्हाला मान्य आहेत, फक्त वाटाघाटींचा हक्क शाबूत ठेवा. गव्हर्नरांनी हा प्रस्ताव नाकारला. माझ्या दृष्टीने संपूर्ण वादातील निर्णायक क्षण हाच आहे, कारण त्यानंतर टेबलावर पैशांचा मुद्दा उरलाच नव्हता.

मग उरले काय? एक म्हणजे वाटाघाटी यापुढे केवळ मूळ वेतनावरच करता येणार होत्या. कामाचे तास, सुरक्षितता, सेवाज्येष्ठता, तक्रार निवारण यांपैकी काहीही करारात आणता येणार नव्हते. मूळ वेतनातील वाढही महागाई निर्देशांकापेक्षा जास्त हवी असेल तर सार्वमत घेणे बंधनकारक झाले. दुसरे म्हणजे संघटनेची वर्गणी पगारातून कापून घेण्याची सोय बंद झाली, आणि कराराचा लाभ घेणाऱ्या बिगरसभासदांकडून वाटाघाटींच्या खर्चाचा हिस्सा घेण्यासही मनाई झाली. मी स्वतः काही काळ एका कर्मचारी संघटनेचा हिशेब सांभाळला आहे. ज्यांची वर्गणी पगारातून कापली जात नसे, त्यांच्यासाठी टेबलाटेबलावर जावे लागे, कोणी रजेवर, कोणाची बदली झालेली, कोणी ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणणारा. आणि या फेऱ्यांत गेलेला प्रत्येक तास सभासदांच्या तक्रारी सोडवण्याच्या वेळातून वजा होत असे. म्हणून वर्गणीचे कलम मी किरकोळ मानत नाही.

पण सर्वांत कठोर कलम तिसरे होते, आणि त्याकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. प्रत्येक संघटनेने दर वर्षी निवडणूक घेऊन आपली मान्यता पुन्हा मिळवायची, आणि त्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर त्या गटातील एकूण कर्मचाऱ्यांच्या ५१ टक्के मते मिळवायची, अशी ती अट होती. समजा, एखाद्या शाळा मंडळात २०० कर्मचारी आहेत. त्यांपैकी १३० जणांनी मतदान केले, १०० जणांनी संघटनेच्या बाजूने आणि ३० जणांनी विरोधात मत दिले. जगातल्या कोणत्याही सामान्य निवडणुकीत हा दणदणीत विजय ठरेल. येथे मात्र १०२ मते लागतात, त्यामुळे संघटनेची मान्यता जाते. जो आजारी होता, जो विसरला, ज्याला काहीच फरक पडत नव्हता, त्या प्रत्येकाचे मत विरोधात धरले जाते. स्वतः वॉकर २०१० मध्ये सुमारे ११ लाख २८ हजार मते मिळवून निवडून आले होते, आणि राज्याची लोकसंख्या ५६ लाखांहून अधिक होती. हाच निकष त्यांना लावला असता तर ते गव्हर्नर झालेच नसते. हा निकष तूट भरून काढण्यासाठी कसा उपयोगी पडतो, याचे पटेल असे स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही. शिवाय जानेवारी २०११ मध्ये, विधेयक येण्यापूर्वी, वॉकर यांनी एका मोठ्या देणगीदाराशी बोलताना ‘फोडा आणि झोडा’ या नीतीचाच उल्लेख केला होता. त्या संभाषणाचे चित्रीकरण मे २०१२ मध्ये बाहेर आले.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मात्र मान्य केलाच पाहिजे. अनेक शाळा मंडळे करारामुळे शिक्षक संघटनेशी संलग्न अशाच विमा संस्थेकडून आरोग्य विमा घेण्यास बांधली गेली होती. कायदा झाल्यावर काही मंडळांनी विमा कंपनी बदलली किंवा तिच्याशी घासाघीस केली आणि त्यांचा खर्च खरोखर वाचला. संघटनांनी ही सवलत वेळीच सोडायला हवी होती, असे मला वाटते. ती धरून ठेवल्याने सामान्य करदात्याची सहानुभूती त्यांनी गमावली. एका अवाजवी कराराचे उत्तर म्हणून करार करण्याचा हक्कच काढून घेणे मात्र मला मान्य नाही.

आता आंदोलनाविषयी. विधिमंडळाच्या संयुक्त वित्त समितीपुढील सुनावणी १७ तास चालली, कारण बोलू इच्छिणाऱ्यांची रांग संपतच नव्हती. शिक्षकांनी आजारपणाच्या रजा टाकल्याने मॅडिसनच्या शाळा बंद राहिल्या, आणि विद्यार्थी व कर्मचारी विधान भवनाच्या घुमटाखाली मुक्काम ठोकून बसले. जवळच्या एका पिझ्झाच्या दुकानाला जगभरातून, अगदी त्या वेळी स्वतःच उठावात असलेल्या इजिप्तमधूनही, आंदोलकांसाठी मागण्या येत होत्या. पोलीस आणि अग्निशमन दलाला या कायद्यातून वगळले होते. तरीही अग्निशमन दलाचे जवान बॅगपाइप वाजवत मोर्चात सामील झाले, ही गोष्ट मला आजही विशेष वाटते.

राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, ३३ सदस्य होते, त्यांपैकी १९ रिपब्लिकन आणि १४ डेमोक्रॅट. आर्थिक विधेयकासाठी किमान २० सदस्यांची उपस्थिती (गणसंख्या) लागत असे. म्हणून १७ फेब्रुवारीला चौदाही डेमोक्रॅट सदस्य शेजारच्या इलिनॉय राज्यात निघून गेले, जेणेकरून राज्याच्या पोलिसांना त्यांना सभागृहात आणून बसवता येऊ नये. सुमारे तीन आठवडे कामकाज अडले. अखेर ९ मार्चला रिपब्लिकन सदस्यांनी विधेयकातून आर्थिक तरतुदी वेगळ्या काढल्या, म्हणजे वीस सदस्यांची अट उरली नाही, आणि वाटाघाटींविषयीची कलमे १८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. ज्या कलमांचे समर्थन आर्थिक गरज म्हणून केले जात होते, ती आर्थिक नाहीत असे मानूनच मंजूर करण्यात आली. ११ मार्चला गव्हर्नरांची सही झाली. बैठकीची पुरेशी पूर्वसूचना दिली नाही म्हणून एका न्यायाधीशांनी कायदा रद्द ठरवला, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये ४ विरुद्ध ३ अशा मतांनी तो पुन्हा जिवंत केला.

कायदा टिकला का, याचे उत्तर शेजारच्या भागातील ओहायो राज्याकडे पाहिल्यावर समजते. तेथेही मार्च २०११ अखेर असाच कायदा झाला होता, परंतु ओहायोच्या घटनेनुसार नागरिकांना सह्या गोळा करून विधिमंडळाचा कायदा थेट मतदानास टाकता येतो. नोव्हेंबरमध्ये मतदान झाले आणि सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो कायदा फेटाळला. विस्कॉन्सिनमध्ये ही सोय नाही. तेथे लोकप्रतिनिधीला मुदतीपूर्वी मतदानाला सामोरे जायला लावण्याचा अधिकार, म्हणजे रिकॉल, एवढेच हत्यार होते. वॉकर यांच्याविरुद्ध ते वापरण्यासाठी सुमारे ५ लाख ४० हजार सह्यांची गरज असताना ९ लाखांहून अधिक वैध सह्या जमल्या. पण मतपत्रिकेवर कायदा नव्हता, माणूस होता. मतदानोत्तर पाहणीत सुमारे ६० टक्के मतदारांनी सांगितले की, रिकॉलचा वापर केवळ गैरवर्तनासाठीच व्हावा. कायदा न आवडलेल्या कित्येकांनी निवडून आलेल्या गव्हर्नरला मध्येच काढणेही पसंत केले नाही, आणि ५ जून २०१२ रोजी वॉकर सुमारे ५३ टक्के मते मिळवून पदावर कायम राहिले.

दुसरा फरक पोलीस आणि अग्निशमन दलाचा. ओहायोने त्यांनाही कायद्यात ओढले होते, त्यामुळे तेथील प्रचारात घराला लागलेली आग विझवणारा माणूसच कायद्याविरुद्ध उभा राहिला. विस्कॉन्सिनने त्यांना वगळून तो धोका टाळला. पुढे २०१५ मध्ये खाजगी क्षेत्रातील संघटनांवरही बंधने आली, आणि राज्यातील संघटित कामगारांचे प्रमाण, जे २०१० मध्ये १४ टक्क्यांच्या वर होते, ते २०१६ पर्यंत ८ टक्क्यांच्या आसपास उतरले.

मात्र पोलीस आणि अग्निशमन दलाला दिलेल्या ज्या सवलतीने कायद्याला राजकीय बळ दिले, त्याच सवलतीवर पुढे न्यायालयात बोट ठेवले गेले. राज्य महामार्ग पोलिसांना संरक्षण आणि विधान भवनाचे पोलीस, विद्यापीठाचे पोलीस व वनरक्षक यांना मात्र नाही, या भेदाला कोणताही सुसंगत आधार नाही, असे सांगून डेन काउंटीच्या (मॅडिसन ज्यात येते त्या जिल्ह्याच्या) न्यायाधीशांनी २ डिसेंबर २०२४ रोजी कायद्यातील प्रमुख कलमे घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळातील रिपब्लिकन नेतृत्वाने लगेच अपील केले आणि अपिलाच्या काळासाठी त्या निकालाला स्थगिती मिळाली.