मारता येत नाही, म्हणून घालवायचे

उंदरांच्या जंतांविषयी गेल्या खेपेला ओझरते लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. लेप्टोविषयी विचारणाऱ्यांनी थोडे थांबावे. उंदराच्या मुतातून येणारा तो आजार जिवाणूंचा, जंतांचा नव्हे.

कुळागरात मांजराने अर्धवट खाऊन टाकलेला उंदीर सापडला. यकृतावर वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी होत्या, पण उंदीर चांगला धष्टपुष्ट. हा कसला रोग? (बागायतदार, सावईवेरे)

गाठ फोडली असतीत तर आत गुंडाळलेली पांढरी अळी मिळाली असती. ती मांजराच्या पट्टकृमीची. मांजराच्या विष्ठेतली अंडी उंदराच्या पोटात जातात, अळी यकृतात घर करते आणि तो उंदीर मांजराने खाल्ला की चक्र पुरे होते. म्हणजे चोर तुमच्याच घरातला. मांजराला जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचे औषध द्या.

उंदीर ठणठणीत राहतो, कारण पहिल्या खेपेला त्याचे शरीर बेसावध असते. अँटिबॉडी, म्हणजे रक्तातली संरक्षक प्रथिने, पुरेशी तयार होईपर्यंत अळीने स्वतःभोवती भिंत उभारलेली असते. नंतर पोटात गेलेली अंडी मात्र सहसा तग धरत नाहीत. अशा उंदराचे सीरम (गोठलेल्या रक्तावरचे पातळ पाणी) निरोगी उंदराला टोचले की त्यालाही संरक्षण मिळते, हे १९३० च्या दशकातच दिसले होते. पिल्लांना ते आईच्या दुधातूनही मिळते. जुना मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) हलत नाही, नव्याला मात्र थारा नाही!

पांढऱ्या पेशी जिवाणू गिळतात, मग जंत का गिळत नाहीत? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, साखळी)

मापामुळे. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा निप्पोस्ट्राँगायलस हा जंत तीन ते पाच मिलिमीटरचा. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदराचे वजन वीस-पंचवीस ग्रॅम. एवढे मोठे धूड गिळायचे कुणी? म्हणून शरीर त्याला हुसकावते.

या जंताच्या अळ्या कातडीतून शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशात येऊन गिळल्या जातात आणि आतड्यात पोचतात. आतड्याच्या अस्तरात टफ्ट नावाच्या पेशी असतात, माथ्यावर झुपका असलेल्या. १९५६ मध्ये त्यांचे वर्णन झाले, पण त्या करतात काय हे पुढची साठ वर्षे नीट कळले नव्हते. २०१६ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की जंत आल्याची वर्दी त्याच देतात. त्या आयएल-२५ हा निरोप्या रेणू सोडतात. त्याने आयएलसी-२ या प्रतिकार करणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि आयएल-१३ हा दुसरा निरोप्या सोडतात. पुढे टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, याही त्यांना येऊन मिळतात. आयएल-१३ मुळे अस्तरात टफ्ट पेशी आणखी वाढतात, म्हणजे वर्दी देणारेच वाढतात. गॉब्लेट पेशी भरपूर श्लेष्मा ओततात, आतड्यात पाणी सुटते, स्नायू जोरात आकुंचन पावतात. जंताची पकड सुटते आणि साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास तो विष्ठेबरोबर बाहेर जातो. या संदेशासाठी लागणारे स्टॅट-६ प्रथिन नसलेल्या उंदरांना हे जमत नाही.

इओसिनोफिल हाही पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. 'इओसिनोफिल जंत मारतात' एवढे एकच वाक्य परीक्षेत लिहून मोकळे होऊ नका. पहिल्या संसर्गात आतड्यातून हा जंत घालवायला त्यांची गरज लागत नाही. आणि किती अंडी पोटात गेली यावरही निकाल बदलतो. उंदरातल्या चाबूककृमीची दोनेकशे अंडी एकदम दिली तर उंदरांचे बरेच वाण त्याला हाकलून देतात. वीसच दिली तर शरीर जिवाणू-विषाणूंसाठीची, म्हणजे चुकीची, वाट धरते आणि जंत मुक्काम ठोकतो.

जंत असलेल्यांना अ‍ॅलर्जी कमी होते, असे वाचले. माझी सर्दी वर्षभर जात नाही. जंत घेऊन पाहावेत का? (पणजी)

नको. वाचलेत त्याला आधार आहे, पण तो मुख्यतः उंदरांतला. हेलिग्मोसोमॉइडीस हा जंत उंदराच्या आतड्यात महिनोन्‌महिने राहतो. त्यासाठी तो यजमानाच्या, म्हणजे उंदराच्या, टीजीएफ-बीटा या प्रतिकार आवरणाऱ्या रेणूसारखे काम करणारे प्रथिन सोडतो, आणि त्याने प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या टी पेशी वाढतात. त्या उंदराची अ‍ॅलर्जी सौम्य होते. माणसांत मात्र डेन्मार्कमध्ये गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना डुकरातल्या चाबूककृमीची अंडी पाजून पाहिली. फायदा दिसला नाही.

एक गोष्ट या निमित्ताने सांगतो. निप्पोस्ट्राँगायलसच्या अळ्या फुप्फुस फोडून जातात तेव्हा तिथे रक्तस्राव होतो. जंतांविरुद्धच्या याच प्रतिसादातल्या मॅक्रोफेज या गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी ती जखम बुजवायला लागतात. खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधाला भोक पडले की आधी माती टाकतात, खेकडा नंतर शोधतात, तसेच काहीसे. हा प्रतिसाद जितका लढाईचा, तितकाच डागडुजीचा आहे, असे माझे मत.

पावसात परसात हाताएवढ्या गोगलगायी येतात. त्यांच्यामुळे मेंदूत जंत जातो म्हणतात. खरे का? (मडगाव)

वर्णनावरून ही आफ्रिकेतली मोठी गोगलगाय. ती १८४७ मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि तिथून पसरली. धोका खरा आहे, पण प्रत्येक गोगलगाईत जंत नसतो. उंदराच्या फुप्फुसाच्या धमन्यांत राहणाऱ्या एका जंताच्या अळ्या विष्ठेतून गोगलगाईत जातात. मोठ्या उंदराने ती खाल्ली की अळ्या मेंदूत वाढून पुन्हा फुप्फुसाकडे जातात. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरात आणि माणसात त्या मेंदूतच अडकतात. तिथे इओसिनोफिलांची गर्दी होते. छोट्या उंदरात ते अळ्या मारतातही, पण सुजेचा मार मेंदूला बसतो. मुलांना गोगलगाय नुसत्या हाताने उचलू देऊ नका, हात लागलाच तर साबणाने धुवा, आणि परसातली तांबडी भाजी पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुऊन, शिजवूनच खा.