कोंड्यामुळं टक्कल पडतं का? लातूरच्या होस्टेलमधून आलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय १९, लातूरला नीटची तयारी, होस्टेलला बोअरचं पाणी. डोक्यात कोंडा झालाय, दिवाळीनंतर केस मूठ-मूठ गळतायत. आई म्हणते तेल लाव, मैत्रीण म्हणते पाण्यामुळं होतंय. न्हाताना जास्त गळतात म्हणून आठवड्यातून एकदाच न्हाते. टक्कल पडेल का? आणि अगदी शेवटी एक ओळ: "सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला होता, तेव्हापासून अशक्तपणा पण आहे."

तू माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. परभणीत आमचं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट, काउंटरवर उभं राहून वीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण हा प्रश्न आठवड्यातून चार-दोनदा माझ्यासमोर येतोच, आणि बहुतेक वेळा विचारणारी मुलगी तुझ्यासारखीच घाबरलेली असते.

आधी सरळ उत्तर. कोंड्यामुळं टक्कल पडत नाही. कोंडा म्हणजे डोक्याच्या वरच्या कातडीचा थर सुटणं. केसाचं मूळ त्याच्या खाली तीन-चार मिलिमीटर खोल बसलेलं असतं. हां, कोंडा फार वाढला, टाळू लाल होऊन खाजायला लागली आणि आपण नखानं खाजवत राहिलो, तर केस तुटतात, थोडी गळतीही वाढते. कोंडा आवरला की ती थांबते. पण मूठ-मूठ केस जातात ते एवढ्यावरून नाही.

मला तुझ्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची वाटली, जी तू जाता जाता लिहिलीस. डेंग्यू सप्टेंबरमध्ये, गळती दिवाळीनंतर. मधलं अंतर मोज. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले बहुतेक वाढत असतात, थोडे विश्रांतीला गेलेले असतात. मोठा ताप आला, आठ-आठ दिवस अन्न गेलं नाही, की शरीर आधी जीव वाचवायचं काम करतं आणि केसांचं काम बाजूला ठेवतं. वाढणारे पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. ते लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिने तसेच मुळाशी अडकून राहतात आणि मग एकदम सुटायला लागतात. तोवर आपण ताप विसरलेलो असतो, आणि समोर दिसतो तो कोंडा. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, एकदम जेवण तोडून केलेलं डाएटिंग, या सगळ्यांनंतर हे होतं.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं हेच झालं. तिसरा महिना लागला आणि उशी केसांनी भरायला लागली. मी औषधाच्या दुकानात बसणारी, तरी रडले होते. सासूबाई म्हणाल्या, "बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात, येतील परत." त्यांना कारण सांगता आलं नसतं, पण हिशोब बरोबर होता. बाळ हसायला लागतं ते याच सुमारास. वर्षाच्या आत केस भरून आले.

आता न्हाण्याचं. तू केस गळू नयेत म्हणून न्हाणं कमी केलंस, आणि माझ्या मते गाडी इथंच अडली आहे. कुणाचेही रोज पन्नास ते शंभर केस सुटतात. रोज विंचरताना-धुताना ते थोडे थोडे जातात, लक्षात येत नाहीत. आठ दिवस डोक्याला पाणीच लावलं नाही, वेणी सोडली नाही, तर सात-आठ दिवसांचे केस एकाच दिवशी हातात येतात. मोरीच्या जाळीवर ते गुंतवळ बघून जीव घाबरतो, मग पुढच्या वेळी आपण दहा दिवसांनी न्हातो, आणि तेव्हा त्याहून मोठं गुंतवळ. इकडं डोक्यावर तेल आणि घाम साचून कोंडा वाढत राहतो. लहानपणी आई असं गुंतवळ भिंतीच्या फटीत जपून ठेवायची, केसावर भांडी देणारी बाई आली की तिला द्यायची. ते गुंतवळ दर महिन्याला साठायचं आणि आईची वेणी मात्र तेवढीच जाड राहायची. गळणं आणि कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक गोष्ट करून बघ. गळालेले दहा-बारा केस वहीच्या काळ्या पुठ्ठ्यावर ठेव आणि खिडकीत जाऊन बघ. केसाच्या एका टोकाला मोहरीच्या दाण्याहूनही बारीक पांढरा ठिपका दिसला, तर तो केस पूर्ण वेळ भरून आपणहून सुटलेला आहे. पुष्कळ मुली तो ठिपका बघून "मूळच निघून आलं" म्हणतात. मूळ आत शाबूत असतं, त्यातून दुसरा केस येतो. आणि ठिपका नसलेले, आखूड, तुटके तुकडे जास्त असतील तर ते खाजवण्यानं, ओले केस ओढून विंचरण्यानं किंवा घट्ट वेणीनं तुटलेले आहेत. तुझ्याकडं पहिल्या प्रकारचे जास्त निघतील असा माझा अंदाज आहे.

कोंड्याचं मात्र वेगळं, आणि ते करायलाच हवं. मॅलासेझिया नावाची एक बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर राहते, तुझ्या, माझ्या, ज्यांना कोंडा नाही त्यांच्याही. ती डोक्याच्या तेलावर जगते. तेल खाऊन मागं जी आम्लं सोडते, ती काहींच्या कातडीला सोसत नाहीत, कातडी घाईघाईनं नवी होते आणि जुनी पापुद्र्यांनी सुटते. म्हणून कोंडा अस्वच्छपणाचं लक्षण नाही, आणि तो फणीतून दुसऱ्याला लागतही नाही. (उवा लागतात. लिखा आणि कोंडा यात गोंधळ होतो, पण लीख केसाला चिकटलेली असते, चिमटीनं सरकत नाही. होस्टेलला हे एकदा मैत्रिणीकडून बघून घे.)

आता आईच्या तेलाबद्दल. आईचं मन मोडू नकोस, पण टाळूवर खोबरेल थापू नकोस. तेल लावलं की पापुद्रे चिकटून बसतात, दोन दिवस कोंडा गेल्यासारखा वाटतो, आणि बुरशीला जेवण मिळतं. लावायचंच असेल तर न्हायच्या आधी तासभर, केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला. लिंबू तर खाजवलेल्या डोक्यावर अजिबात नको, आग होते आणि टाळू आणखी सोलते.

औषध साधं आहे. दोन टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. मग पंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवायचा, कारण कोंडा कायमचा जात नाही, तो ताब्यात ठेवावा लागतो. परीक्षेचा ताण, कमी झोप, थंडी, यात तो पुन्हा डोकं काढणार. तेव्हा "औषध लागू पडलं नाही" असं समजायचं नाही, पुन्हा दोनदा सुरू करायचा. मधल्या एखाद्या दिवशी साधा शाम्पू चालतो. महिन्याभरात फरक नाही पडला तर झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड किंवा सॅलिसिलिक आम्लाचे शाम्पू आहेत, पण तेव्हा डॉक्टरला दाखवूनच बदल.

लोक हा शाम्पू लावतात कसा, ते मी विचारते तेव्हा कळतं की औषध वाया चाललंय. केसांना फेस केला आणि लगेच तांब्या ओतला. तसं नाही. केस ओले कर, सुपारीएवढा शाम्पू तळहातावर घे, केसांचे चार भाग कर आणि बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, टाळूला लाव. कानामागं आणि मानेवर केस सुरू होतात तिथंही लाव, तिथं कोंडा हमखास राहतो. मग नळ बंद करून पाच मिनिटं थांब. त्या पाच मिनिटांत हातपाय धुऊन होतात, बादलीतलं पाणीही वाचतं. मग भरपूर धू. वेणीच्या केसांना तो शाम्पू घासायची गरज नाही, धुताना जातो तेवढा पुरे.

पाण्याचं म्हणशील तर ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं बोअरवर किती भार आहे ते तू रोज बघतेस. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यानं केस राठ होतात, विंचरताना तुटतात. अंगाच्या साबणानं डोकं धुतलंस तर क्षार आणि साबण मिळून पांढरा थर बसतो, तो कोंड्यासारखाच दिसतो. म्हणून डोक्याला साबण नको, शाम्पूच. शेवटचा एक तांब्या जारच्या पाण्याचा घेतलास तर केस मऊ राहतात. पण पाणी मुळापर्यंत जात नाही, पाण्यानं टक्कल पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याकडं शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हापासून आमच्याकडंही बोअरची भीती बसली आहे. तिथंही पहिला संशय पाण्यावर गेला होता. पुढं महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून खाण्यातल्या गव्हाकडं आणि त्यात जास्त असलेल्या सेलेनियम या खनिजाकडं बोट दाखवलं. तुझं प्रकरण ते नाही.

एका गोष्टीसाठी मात्र हात जोडते. मेडिकलमधून कुणी "ही लाव, दोन दिवसांत खाज बंद" म्हणून ट्यूब दिली तर घेऊ नकोस. त्यात बहुतेक वेळा जबर स्टेरॉइड असतं. गेल्या उन्हाळ्यात एक पोरगा रिकामी ट्यूब घेऊन आला, "हीच द्या" म्हणाला. केसांच्या रेषेत कोंडा होता म्हणून सहा महिने कपाळावर चोळत होता. कपाळाची कातडी कागदासारखी पातळ, खालच्या शिरा दिसत होत्या, वर लाल पुरळ. मी ट्यूब दिली नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडं पाठवला. अशी औषधं डॉक्टर मोजून थोडे दिवस देतात, ते वेगळं.

तुझा अशक्तपणा मला कोंड्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. रक्त तपासून घे: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नकोस. ते बरं असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, तो फेरिटिनमध्ये दिसतो. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरला सांग. बायोटिनमुळं थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून चहा-बिस्किटावर रात्र काढत असशील तर ते आधी बंद. घरून येताना शेंगदाण्याची चटणी, भाजलेले हरभरे आण, डाळ वाटीभर खा, पालेभाजीवर लिंबू पिळ. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्यानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

डॉक्टरकडं लगेच कधी जायचं, तेही सांगते. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला (आपण चाई म्हणतो), टाळूवर पू किंवा जाड चंदेरी खपल्या दिसल्या, भांग रुंद होत चालला, पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस यायला लागले, किंवा गळती सुरू होऊन सहा महिने झाले तरी थांबली नाही, तर वाट बघू नकोस. लातूरलाच विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्वचारोग विभाग आहे. सकाळी केसपेपर काढून दाखवता येतं. जाताना डेंग्यूचे कागद सोबत ने आणि ताप कधी आला, गळती कधी सुरू झाली, या दोन तारखा लिहून ने. पुष्कळ निदान त्या दोन तारखांवरूनच होतं.

तोवर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत उभी राहून भांगाचा एक फोटो काढ. मोरीतल्या केसांपेक्षा त्यावरून खरं कळेल. आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कपाळाजवळ बोटभराहून आखूड, सरळ उभे राहणारे, वेणीत न बसणारे केस दिसायला लागले, तर त्यांना तुटलेले समजून तेलानं चपटे बसवू नकोस. ते नवीन आलेले असतील.