कराच्या भीतीने वावर विकायचे थांबवावे का?

पुसद नगरपालिकेच्या हद्दीजवळच्या वडिलोपार्जित वावराला चांगले गिऱ्हाईक आले असताना, केवळ भांडवली नफ्यावरील करामुळे व्यवहार लांबवावा का, असे आपण विचारले आहे. मी याच जिल्ह्यातला कास्तकार आहे आणि हा हिशेब मी स्वतःच्या घरातही मांडला आहे.

आधी कर लागतो का, ते पाहावे. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्तेत मोडतच नाही, म्हणून तिच्या विक्रीवर हा कर लागत नाही. मात्र पुसदसारख्या एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून ती 2 किलोमीटरपलीकडे असावी लागते. अमरावतीसाठी हेच अंतर 6, तर नागपूरसाठी 8 किलोमीटर आहे, आणि ते रस्त्याने नव्हे तर हवाई मोजतात, हे गावातले जाणकारही विसरतात.

आपले वावर त्या अंतराच्या आत आहे असे धरू. 1 एप्रिल 2001 रोजीची किंमत (त्याआधीपासूनच्या जमिनीसाठी खरेदीची किंमत म्हणून हीच धरता येते) 2 लाख आणि आजची 40 लाख असेल, तर 38 लाखांच्या नफ्यावर 12.5 टक्क्यांनी 4.75 लाख कर होतो (उपकर वेगळा) आणि हाती 35.25 लाख उरतात. हा आकडा पाहूनच माणूस इसार घ्यायला कचरतो. पण थांबल्याने कर माफ होत नाही, तो फक्त पुढे जातो. पुढे वावराची किंमत 20 टक्क्यांनी वाढून 48 लाख झाली, तरी 5.75 लाख कर जाऊन 42.25 लाखच उरतील. उलट आजच्या 35.25 लाखांवर करानंतर तेवढीच 20 टक्के वाढ मिळाली, तर 42.30 लाख होतात. म्हणजे खरा प्रश्न कराचा नसून, वावर जास्त वाढेल की दुसरी गुंतवणूक, हा आहे.

मुलांच्या नावे झाल्यावर कर सुटेल, हाही भ्रम आहे. अमेरिकेत वारसाला मृत्यूच्या दिवशीची किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते, म्हणून तिथले वृद्ध मालमत्ता धरून बसतात. आपल्याकडे वारसाला जुनीच किंमत मिळते.

थोडे थांबणे खरोखर फायद्याचे ठरते ते मुदतीच्या उंबरठ्यावर: विकत घेतलेल्या प्लॉटला 24 महिने आणि शेअर बाजारात नोंदलेल्या शेअरना 12 महिने पूर्ण होत आले असतील तेव्हा, कारण त्यानंतर नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो आणि त्याला दीर्घ मुदतीचा वेगळा दर लागतो. वडिलोपार्जित जमिनीत आधीच्या मालकाचा काळही मोजला जातो, त्यामुळे आपल्याला ती अडचण नाही.

दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेणार असाल, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यापुरती सूट मिळते. मात्र विक्रीपूर्वीची दोन वर्षे आपण किंवा आपल्या आईवडिलांनी ते वावर कसलेले असले पाहिजे. म्हणून इसार घेण्याआधी सातबाऱ्यावरील त्या दोन वर्षांचा पीकपेरा नीट नोंदला आहे का, ते तपासून घ्यावे.